पाय मिळाला, ताटाचे काय?

वाशिम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातील आसेगाव आणि त्याच्या भोवतालचा टापू हा सोयाबीन-तुरीचा टापू आहे. खरिपात सोयाबीनच्या तासांमधून तुरीची ओळ आणि रब्बीत जेथे पाण्याची सोय असेल तेथे हरभरा, असा येथील शेतीचा आजचा साचा आहे. माणसाच्या शरीराची झीज भरून काढणारे जे अन्नद्रव्य, ज्याला प्रथिन म्हणतात, ते या काळ्या मातीतून दरवर्षी गाड्या भरभरून बाजार समितीकडे रवाना होते. आणि याच मुलखात एखाद्या माणसाचा पाय कापला जाऊन तो घरी परतला, की त्याच्यापुढे येणाऱ्या ताटात दोन पोळ्या, वाटीच्या तळाशी डाळ बसलेले पातळ वरण आणि दिवसभर चहा-बिस्किटे, एवढेच बहुधा असते. या विसंगतीकडे कोणाचेही फारसे लक्ष जात नाही. रुग्णालयाचे काम टाके काढल्यावर संपते. सरकारी कागदावर तिच्यासाठी रकाना नसतो. आणि घरच्यांच्या दृष्टीने माणूस जिवानिशी वाचला, हेच पुष्कळ झालेले असते.

पाय जाण्याची कारणे पूर्वीसारखी राहिलेली नाहीत. रस्त्यावरचे व शेतीकामातले अपघात आजही आहेतच. सर्पदंशानंतर पाय सडल्याची उदाहरणेही ग्रामीण भागाला अपरिचित नाहीत. विडीच्या व्यसनामुळे तरुण वयातच पायाच्या रक्तवाहिन्या बंद होण्याचा एक विकार आपल्याकडे जुना आहे, आणि विडी सुटल्याखेरीज त्यावर कोणतेही औषध पुरे पडत नाही. परंतु आता या सर्वांच्या पुढे मधुमेह येऊन उभा ठाकला आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख, तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची १३ कोटी ६० लाख असल्याचा अंदाज दिला. शेतात अनवाणी वावरणाऱ्या मधुमेहीच्या पायात काटा मोडतो. संवेदना गेल्यामुळे तो त्याला कळत नाही. जखम चिघळते आणि प्रकरण बोटावरून घोट्यावर, घोट्यावरून गुडघ्याखाली जाते. अशा माणसाच्या बाबतीत आहाराचा प्रश्न पाय कापल्यानंतर निर्माण होत नाही. तो आधीपासूनच असतो, शस्त्रक्रियेने तो फक्त उघडा पडतो.

पायाची काळजी मात्र या देशाने घेतली, हे मान्य केले पाहिजे. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली युद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी सुरू झाले. मुंबईत हाजीअलीजवळची अखिल भारतीय पुनर्वसन संस्था १९५५ पासून उभी आहे. १९६८ मध्ये जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा नावाचे एक कारागीर यांनी मिळून जो पाय घडविला, त्याने तर या क्षेत्राचे चित्रच पालटले. परदेशी पाय बुटात घालून सपाट फरशीवर चालण्यासाठी केलेला होता. आपल्या शेतकऱ्याला अनवाणी चालायचे असते, मांडी घालून जेवायचे असते, उकिडवे बसायचे असते, चिखलात उतरायचे असते. रबर, लाकूड आणि कारागिराची नजर यांच्या जोरावर हा पाय येथल्या जगण्याला बेतून शिवला गेला. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो विनामूल्य देण्याची प्रथा पाडली. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अपघातात पाय जायबंदी होऊन पुढे तो गमावलेल्या सुधा चंद्रन याच पायावर रंगमंचावर परतल्या आणि त्यांची कहाणी ‘नाचे मयूरी’ या चित्रपटाने घरोघरी नेली. आज गावोगाव कृत्रिम अवयवांची शिबिरे भरतात, छायाचित्रे छापून येतात. रामचंद्र शर्मांसारखी नजर ताटाकडे मात्र अद्याप कोणी वळविलेली नाही. रुग्णालयातून मिळणाऱ्या पथ्याच्या कागदावर ‘सकस आहार घ्यावा’ एवढे एकच वाक्य असते, किंवा वऱ्हाडातल्या खेड्यात कोणाच्याही चुलीवर न शिजणाऱ्या पदार्थांची यादी असते. दोन्हींचा उपयोग सारखाच.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत शरीरात काय घडते? एवढी मोठी जखम भरून यायची असते, जंतूंशी सामना चालू असतो, आणि अंथरुणावर पडून राहिल्याने उरलेले स्नायूही विरघळू लागतात. निरोगी भारतीयाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरते, असे २०२० च्या राष्ट्रीय शिफारशी सांगतात. मोठी जखम भरून येत असताना हीच गरज १.२ ते १.५ ग्रॅमपर्यंत जाते. म्हणजे ५५ किलो वजनाच्या माणसाला एरवी जेथे ४६ ग्रॅम प्रथिने पुरली असती, तेथे आता ६६ ते ८२ ग्रॅम लागतात. वरणाच्या एका घट्ट वाटीत साधारण ३० ग्रॅम डाळ धरली, तर तीतून साडेसहा ग्रॅम प्रथिन मिळते. वरण पातळ असेल तर त्याच्या निम्मे. बाकीची तूट पोळीने भरून निघत नाही. भरीला रक्तक्षय असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांमध्ये तो आढळला होता. ज्या शरीरात रक्तच पुरेसे नाही, त्याने जखम वेळेवर भरून काढावी ही अपेक्षाच अवाजवी आहे.

नेमक्या याच काळात परंपरागत पथ्ये आडवी येतात. डाळ खाल्ली तर जखम पिकते, वांगे वातूळ, अंडे उष्ण, दही-ताकाने सूज चढते, लिंबू-आवळ्याच्या आंबटाने टाके उसवतात, अशा समजुती घरोघरी आहेत आणि त्या अत्यंत मायेने पाळल्या जातात. आजाऱ्याला हलके अन्न म्हणून साबुदाणा, मऊ भात, शिरा यांवर ठेवले जाते. या समजुतींची थट्टा करणे सोपे आहे. परंतु जंतुनाशके नव्हती, त्या काळी जखमा पिकतच असत आणि पिकलेल्या जखमेचा दोष आदल्या दिवशीच्या अन्नावर टाकणे स्वाभाविक होते. आज मात्र त्याची किंमत रोगी मोजतो. जखमेत पू होतो तो जंतूंमुळे आणि मधुमेहीच्या बाबतीत रक्तातील अनियंत्रित साखरेमुळे. ज्या डाळीवर बंदी घातली जाते, तीच जखम भरून आणणाऱ्या पदार्थांपैकी या मुलखात सर्वांत सहज मिळणारी वस्तू आहे. ज्या आंबटाची भीती घातली जाते, त्यातले क जीवनसत्त्व नव्या त्वचेच्या विणीला आवश्यक असते.

येथे महाराष्ट्रातल्याच एका जुन्या वादाची आठवण होते. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याची रेषा आखताना माणशी रोज २२५० उष्मांकांचे माप धरले होते. डॉ. पां. वा. सुखात्मे यांचे त्या मापाविषयी मतभेद असले, तरी प्रथिनांचा तुटवडा हा मुख्यतः एकूण अन्नाच्याच तुटवड्याचा परिणाम आहे, धान्य व डाळ असे साधे जेवण पोटभर मिळाले तर प्रथिन आपोआप मिळते, असे प्रतिपादन त्यांनी आग्रहाने केले. निरोगी, राबत्या माणसाच्या बाबतीत त्यांच्या म्हणण्यात बरेच तथ्य होते. पाय गमावलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र पोटभर अन्न हा निकषच अपुरा पडतो. अंथरुणावरच्या माणसाला उष्मांक कमी लागतात आणि प्रथिन जास्त लागते. पोट धान्याने भरले तर त्याची चरबी वाढते आणि जखम उपाशी राहते. आपले शिधावाटपाचे सारे धोरण उष्मांकांच्या हिशेबावर उभारले असल्यामुळे हा माणूस त्या हिशेबात बसत नाही.

जखम भरली, टाके निघाले, की दुसरा आणि अधिक फसवा काळ सुरू होतो. वजनाचेच पाहा. गुडघ्याखालचा पाय व पाऊल मिळून शरीराच्या वजनाचा सुमारे ६ टक्के भाग असतो. संपूर्ण पाय सुमारे १६ टक्के. समजा, ६० किलो वजनाच्या माणसाचा पाय गुडघ्याखाली कापला गेला. त्याचे वजन ५६ किलो ४०० ग्रॅमच्या आसपास असावयास हवे. सहा महिन्यांनी काट्याने पुन्हा ६० दाखविले, तर घरचे समाधानाने म्हणतात, पहिल्यासारखी तब्येत झाली. प्रत्यक्षात त्या माणसाच्या अंगावर साडेतीन किलोहून अधिक चरबी चढलेली असते. काटा तोच आकडा दाखवतो, पण शरीर तेच राहिलेले नसते. उलट बाजूही तितकीच खरी आहे: वजन ५२ भरले तर चिंतेचे कारण आहे, पण गेलेल्या पायाचा हिशेब न करणाऱ्याला आठ किलो उतरल्यासारखे वाटते, तर करणाऱ्याला खरी घट साडेचार किलोची आहे हे कळते.

या तीन-चार किलोंचे महत्त्व कृत्रिम पाय बसविणारा तंत्रज्ञ चांगले जाणतो. पायाचा उरलेला खुंट ज्या पेल्यासारख्या साच्यात बसतो, तो साचा मोजून घेतलेल्या मापाचा असतो. वजन वाढले की खुंट त्यात मावत नाही, कातडी घासते, फोड येतो. वजन घटले की साचा सैल होतो आणि खुंट आत आपटतो. दोन्ही परिस्थितींत पाय काही दिवस बाजूला ठेवला जातो, मग तो खुंटीला लटकतो, माणूस ओट्यावर बसून राहतो, आणि बसून राहिल्याने वजन आणखी वाढते. शिबिरात वाटलेले कितीतरी पाय असे वापराविना पडून असतात, आणि त्याचा दोष पायाच्या बनावटीवर किंवा लाभार्थ्याच्या आळसावर टाकला जातो. ताटाची चौकशी कोणी करीत नाही. शिवाय शरीराचा वाढीव भार ज्या एका पायावर पडतो, तो मधुमेहीच्या बाबतीत आधीच दुबळा असतो. पहिला पाय गेलेल्या अनेक मधुमेहींचा दुसरा पायही काही वर्षांत धोक्यात येतो.

ओट्यावर बसलेल्या माणसाचा दिवस कसा जातो, हे खेड्यात राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. विचारपूस करायला माणसे येतात, येताना बिस्किटांचा पुडा आणतात, आणि प्रत्येकाबरोबर चहा होतो. एका कपात दोन चमचे म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर धरली, तर सहा कपांत ६० ग्रॅम साखर आणि सुमारे २४० उष्मांक निष्कारण पोटात जातात, बिस्किटे वेगळीच. मधुमेहीच्या बाबतीत हा पाहुणचार म्हणजे शुद्ध घात आहे, पण नको म्हणणे आपल्या रीतीत बसत नाही. एकटेपणा, गेलेल्या पायाच्या जागी उठणारी विचित्र कळ, कर्जाची काळजी यांवर तंबाखू-खर्ऱ्याचा उतारा शोधला जातो, आणि त्याने रक्तवाहिन्या आणखी आकसतात व भूकही मरते.

या सर्वांहून न बोलली जाणारी एक गोष्ट आहे. घरातला संडास बहुधा उकिडवे बसण्याचा असतो. एका पायावर तेथे बसणे-उठणे म्हणजे रोजची परीक्षा, आणि त्यासाठी कोणाला तरी हाक मारावी लागते. ती हाक टाळण्यासाठी माणूस पाणी कमी पितो, भाजी-भाकर कमी खातो. परिणामी बद्धकोष्ठ, लघवीचे विकार आणि मूत्रपिंडावर ताण. अशा वेळी आहारतज्ज्ञाच्या सल्ल्यापेक्षा संडासात एक भक्कम खुर्ची आणि भिंतीला एक लोखंडी दांडी ही अधिक मोलाची पोषण-योजना ठरते. पाय गमावलेली व्यक्ती स्त्री असेल तर तिची स्थिती आणखी बिकट. सर्वांनंतर उरलेसुरले खाण्याची तिची सवय पाय गेल्यावरही सुटत नाही. किंबहुना घरात आपले काम होत नाही या संकोचाने ती आणखी कमी खाते. चुलीपाशी बसता येत नसल्याने स्वयंपाक सुनेच्या वा लेकीच्या हाती गेलेला असतो, आणि मागून खाण्याची तिला लाज वाटते.

यानंतर कृत्रिम पायावर चालण्याचा काळ येतो आणि हिशेब पुन्हा उलटतो. अपघातात गुडघ्याखालचा पाय गेलेल्या माणसाला तेवढेच अंतर चालायला पूर्वीपेक्षा सुमारे एक चतुर्थांश अधिक शक्ती लागते. रक्तवाहिन्यांच्या विकाराने पाय गेला असेल तर सुमारे दोन पंचमांश अधिक. गुडघ्याच्या वर पाय गेलेल्याला ही शक्ती दीडपटीहून अधिक आणि काहींना जवळजवळ दुप्पट लागते. शेतापर्यंत जाऊन परतणारा असा माणूस दुपारी गळून जातो, तेव्हा तो कामचुकार झालेला नसतो. त्याचे इंधन संपलेले असते. बसल्या काळात जे ताट कमी करायला हवे होते, ते आता वाढवायला हवे. परंतु तोवर घरातली शिल्लक संपलेली असते.

आता प्रश्न पैशाचा. कमावत्याचा पाय गेला की मजुरी थांबते आणि घरखर्चाला कात्री लागते. ती प्रथम दूध, अंडी, डाळ आणि फळ यांवर चालते, धान्यावर नव्हे. शिधापत्रिकेवर, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये, प्राधान्य कुटुंबातील प्रत्येकाला महिन्याला ५ किलो धान्य मिळते व जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. रोजचे ते सुमारे १६७ ग्रॅम होते. गहू असला तर त्यातून जेमतेम १८ ग्रॅम प्रथिन मिळते, तांदूळ असला तर सुमारे १३. डाळीचा हक्क या कायद्यात नाही. आणि ज्या रानातून डाळ निघते, तेथील हिशेब पाहा. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये आणि तुरीचा ८००० रुपये ठरला. त्या भावाने शंभर ग्रॅम प्रथिन सोयाबीनमधून सुमारे १५ रुपयांत पडते, तुरीतून सुमारे ३९ रुपयांत. तेल काढून उरलेली सोयाबीनची पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते आणि तेच प्रथिन अंड्याच्या रूपाने गावात परत येते. अंडे सात रुपयांना धरले तर शंभर ग्रॅम प्रथिनाला एकशे पंधरा रुपयांहून अधिक मोजावे लागतात. अंड्यातले प्रथिन गुणाने सरस आहे, यात शंका नाही, आणि परवडत असेल त्याने ते खावेच. परंतु ज्याच्या कोठीत सोयाबीनचे पोते आहे, त्याने ते सर्वच्या सर्व विकून टाकावे आणि बिस्किटे विकत आणावीत, हा व्यवहार कोणत्याही अर्थशास्त्राला समजावून सांगता येणार नाही. ५० ग्रॅम सोयाबीनमधून १८ ग्रॅम प्रथिन मिळते. कच्च्या सोयाबीनमध्ये पचनाला अडथळा करणारे द्रव्य असते खरे, पण ते उष्णतेने नाहीसे होते. भाजून दळलेले पीठ नवास एक या प्रमाणात पोळीच्या कणकेत मिसळले तर चवही फारशी बदलत नाही. आणि वऱ्हाडाला हे मिश्रण नवे नाही. उडीद व ज्वारी एकत्र दळून केलेली कळण्याची भाकर, हिवाळ्यातले तुरीचे सोले, अंबाडीची भाजी घालून शिजविलेली डाळ, जवसाची चटणी हे सारे याच जातीचे अन्न होते. सोयाबीनने खरिपाची ज्वारी व मूग-उडीद मागे सारले, त्याबरोबर ते ताटातूनही मागे पडले.

एक इशारा येथे दिलाच पाहिजे. मधुमेहाने पाय गमावलेल्यांपैकी अनेकांची मूत्रपिंडेही दुखावलेली असतात, आणि अशांना प्रथिन वाढविणे अपायकारक ठरू शकते. म्हणून रक्ताची साधी तपासणी करून डॉक्टरांनीच प्रमाण ठरविले पाहिजे. हे काम औषधाच्या चिठ्ठीइतकेच वैद्यकीय आहे.

आहार हा उपचाराचाच भाग आहे, हे तत्त्व शासनाने एका रोगापुरते मान्य केलेले आहे. क्षयरोग्याला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये देण्यास २०१८ मध्ये सुरुवात झाली, आणि नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० करण्यात आली. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या कुटुंबांना धान्य-डाळीचा शिधा देऊन केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घरातील इतरांना क्षय होण्याचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास घटलेले दिसले. मग शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उचलणाऱ्या आणि पाय विनामूल्य देणाऱ्या शासनाने मधल्या तीन महिन्यांच्या जेवणाकडे पाठ का फिरवावी? संजय गांधी निराधार योजना १९८० पासून आहे, आणि दिव्यांगांसाठी तिचे अनुदान १५०० वरून २५०० रुपये करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला, हे स्वागतार्हच आहे. परंतु ते मिळण्यासाठी आधी प्रमाणपत्र, मग अर्ज, मग समितीची बैठक. जखम भरण्याचा काळ तोवर उलटून गेलेला असतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २४ असे सांगते की, सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारे साहाय्य इतरांपेक्षा किमान २५ टक्के अधिक असावे. हा न्याय शिधापत्रिकेला लावला तर ५ किलोंवर सव्वा किलो येतो. तो सव्वा किलो धान्य न देता तूरडाळ दिली, तर रोजचे ४१ ग्रॅम, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम प्रथिन होते. पुरेसे नव्हे, पण काहीच नाही त्यापेक्षा बरेच. त्याहून जवळचा मार्ग गावातच आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे ५ टक्के अपंगांवर खर्च करावेत, असा राज्यात नियम आहे. आसेगावसारख्या गावात ही रक्कम मोठी नसते, आणि बहुतेक ठिकाणी ती वर्षअखेरीस सर्वांत सारखी वाटून मोकळे होतात. तीच रक्कम, त्या वर्षी ज्याचा पाय गेला असेल त्याच्या घरी तीन महिने डाळ, अंडी व भाजक्या सोयाबीनचे पीठ पोहोचविण्यासाठी राखून ठेवायला ग्रामसभेचा एक ठराव पुरतो.

२०२४ मध्ये वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. वऱ्हाडी ताटाला बेतलेला पथ्याचा कागद तेथे तयार व्हायला हरकत नाही. त्यावर वजनाचा रकाना हवा आणि त्याखाली गेलेल्या पायाची टक्केवारी. एका पायावर काट्यावर स्थिर उभे राहता येत नाही, म्हणून माणसाचे खुर्चीसकट वजन करून नंतर खुर्चीचे वजा करावे लागते. त्यासाठी लागतो फक्त धान्य तोलायचा मोठा काटा, आणि सोयाबीन-तूर पिकविणाऱ्या गावात तो शोधावा लागत नाही.